धुरपताबाईने घंटा दिली

एटापल्लीच्या पलीकडल्या एका गावात धुरपताबाई सतरा वर्षं शाळेची खिचडी शिजवत होती. स्वतः ती तिसरीपर्यंत शिकली, तीही नावापुरती. तिच्या वेळचे मास्तर अकराच्या एसटीने येत आणि दोनच्या एसटीने परत जात. "मास्तर अजून दोन घंटे थांबले असते, त मले दुसऱ्याच्या पोरायची चूल फुंका लागली नसती," असं ती हसत सांगायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

म्हणून शाळा पाचपर्यंत भरवायचा हुकूम आला, तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. मागे पडलेल्या मुलांसाठी जादा तास. कागद झकास होता. त्यात दुसरा मास्तर तेवढा नव्हता आणि जंगलातल्या टोल्यावरच्या, म्हणजे लांबच्या वस्तीवरच्या, पोरांना घरी सोडायला गाडी नव्हती. असल्या बारीकसारीक गोष्टी सरकारी कागदात मावत नसाव्यात.

चार वर्ग आणि एकटे विनोद सर. पण माणूस जीव ओतून शिकवणारा. टोल्यावरची दीपाली घरी फक्त गोंडी बोलणारी. त्या जादा तासात ती मराठी धडे घडाघडा वाचू लागली. धुरपताबाई खिचडीचा मोठा गंज घासता घासता कान देऊन ऐकायची.

डिसेंबरात दिवस आखडला आणि टोल्याच्या वाटेवर वाघाने बैल मारला. दुसऱ्या दिवशी दीपालीचा बाप, लालसू, सकाळीच शाळेत आला. सर मतदारयाद्यांच्या कामाला तालुक्याला गेले होते. पोरं धुरपताबाईच्या भरवशावर होती.

"बाई, पाचले सुटली त पोरगी अंधारात येते. उद्यापासून नाई धाडत मी."

"धाड तू. उजेडात घरी पोचवाचं माह्याकडं."

शाळेत घड्याळ होतं, पण धुरपताबाईचा विश्वास सावलीवर. शाळेपुढच्या मोहाच्या झाडाची सावली हातपंपाला टेकली की निघायचं, म्हणजे दिवस असताना टोला गाठता येतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. त्या दिवशी सावली टेकली आणि तिने घंटा दिली. चार वाजले होते.

साडेचारला शिक्षण खात्याच्या साहेबांची गाडी तपासणीला आली.

"शाळा कोणी सोडली?"

"मी. सावली हातपंपाले लागली, साहेब."

साहेब तिला रागावले नाहीत. शाळा वेळेआधी सुटली, एवढंच त्यांनी लिहून घेतलं. महिन्याभरात सरांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि शाळा सहा किलोमीटरवरच्या गावातल्या शाळेला जोडली गेली. टोल्यावरून तिथे जायचं तर नऊ किलोमीटर.

त्या दिवसापासून धुरपताबाई स्वतःलाच दोष देत राहिली. उन्हाळ्यात लालसू तिला बाजारात भेटला, तेव्हा तिला मान वर करवेना.

"माह्यामुळं झालं रे, लालसू."

"काऊन मनाले लावून घेतं, बाई? तुनं त पोरीचा जीवच पाह्यला," लालसू मायेने म्हणाला. "अन् आता काई भेव नाई. दीपाली घरीच राह्यते."