भिंगरीचा पाचवा अर्ज

लहानपणी तो जेवतानासुद्धा उभा असायचा, म्हणून आईने त्याला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे शाळेच्या पटावरचं नाव मागे पडून तेच नाव चाललं. अशा माणसाला नोकरी कुठली लागावी, तर सात मजली इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबायची. सत्ताविसाव्या वर्षी भिंगरीला त्या स्टुलावर चौथं वर्ष लागलं होतं. उजवा गुडघा सारखा हलत असायचा. ट्रॉलीवरचा एखादा पेशंट घाबरून विचारायचा, लिफ्ट हादरतेय का हो? तेव्हा तो गुडघ्यावर हात दाबून म्हणायचा, "नाही, मीच."

त्याआधी त्याने चार गोष्टी धरल्या होत्या आणि चारही सोडल्या होत्या. टायपिंगचा क्लास सहा आठवडे. फ्रीजदुरुस्ती चार महिने. मग चष्म्याच्या दुकानात काचा घासायला शिकणं आणि शेवटी वायरिंगचा कोर्स, जो परीक्षेला अठरा दिवस उरलेले असताना त्याने सोडला. घरात आई आणि थोरली बहीण. ताई छापखान्यात बाइंडिंगला होती. प्रत्येक वेळी फॉर्म तिनेच आणला, तिनेच भरला, पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडायलाही तीच गेली. वायरिंग सुटलं तेव्हा त्याच्या दाखल्यांची फाइल तिने कपाटावर टाकली आणि वर शिलाई मशीनचं झाकण ठेवलं.

एका दुपारी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकली. आत तो, ट्रॉलीवर नुकतंच ऑपरेशन झालेली एक आजी आणि पाचव्या मजल्यावरच्या वॉर्डची सिस्टर. दिवा चालू होता, पंखा बंद पडला. आजी घाबरून तोंडावरचा मास्क ओढायला लागली. सिस्टरचा एक हात सलाइनच्या बाटलीला, दुसरा मास्कला. ती भिंगरीला म्हणाली, "भिंतीकडे काय बघतोस? हिचा हात धर. मनगटावर तीन बोटं ठेव, ठोका लागला की मोज. एका मिनिटाचे किती ते मला सांग, आणि परत मोज."

त्याने मोजले. एकशे बारा, एकशे आठ. मधेच चुकला तर सिस्टर शांतपणे म्हणायची, पुन्हा. हळूहळू आकडा उतरायला लागला, आजीची बोटं सैल पडली. पस्तीस मिनिटांनी मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला होता. ट्रॉली बाहेर गेली आणि मग त्याच्या ध्यानात आलं की एवढा वेळ त्याचा गुडघा हलला नव्हता.

त्यानंतरचे चार दिवस त्याला काही सुचेना. जेवण गोड लागेना. चार चार मजले तो उगाच जिन्याने चढून येई आणि लोक लिफ्टपाशी बोंब मारत उभे असत. पाचव्या दिवशी त्याने सिस्टरला गाठलं आणि म्हणाला, मला नर्सिंगला जायचंय.

सिस्टर निवृत्तीला आलेली, बोलायला सडेतोड. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. लिफ्ट बंद पडली म्हणून का, असं विचारलं. मग म्हणाली, ब्रदर व्हायला हरकत नाही, मुलगे घेतात, पण आधी सुट्टीच्या दिवशी वॉर्डात ये. मेट्रनना मी सांगते. हातपाय चालतात का, पोट धरतं का, ते कळू दे; मग फॉर्मचं बघू.

पहिल्याच रविवारी बेडपॅन उचलून मोरीपर्यंत नेताना त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. सिस्टरने त्याला तोंड धुवायला लावलं आणि दुसरा बेडपॅन दाखवला. पुढच्या रविवारी पोटाने तक्रार केली नाही. धावपळ तर त्याच्या अंगातच होती. चादरी आण, रिपोर्ट पोचव, व्हीलचेअर घेऊन ये, सगळं तो सांगण्याआधी करायचा. आया म्हणायला लागल्या, पोरगं म्हणजे नुसतं वारं आहे. भिंगरीला वाटलं, सापडली आपली जागा.

घरी सांगितलं तेव्हा आईला पहिली काळजी पडली की याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, हा दुसऱ्याला इंजेक्शन कसं देणार. ताई विळीवर भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"किती दिवस?"

"तीन वर्षांचा आहे कोर्स."

"कोर्स किती दिवसांचा ते नाही विचारलं."

तो उठून गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा गॅलरीत गेला. खरी भीती त्यालाही तीच होती. टायपिंगच्या पहिल्या आठवड्यातही त्याला असंच वाटलं होतं, की सापडलं.

तरी तो अभ्यासाला लागला. बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं त्याने रद्दीवाल्याकडून आणली आणि ड्यूटीवर मांडीवर उघडून बसला. लिफ्टमध्ये असा अभ्यास चालतो म्हटल्यावर सगळं इस्पितळ मास्तर झालं. हाडांचे डॉक्टर चढले की उतरेपर्यंत दोन हाडं विचारायचे. तपासणीला आलेल्या एका कंडक्टरबाईंनी रक्ताचे गट त्याच्याकडून तिसऱ्या ते सातव्या मजल्यापर्यंत घोकून घेतले. "सुट्टं नसलं तरी चालेल," त्या म्हणाल्या, "पण उत्तर पुरतं दे." सिस्टरने सांगितलं होतं की नर्सच्या पायाला बसायची सवय नसते, म्हणून त्याने स्टूल कोपऱ्यात सरकवून आठ तास उभं राहायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या अशा भरून आल्या की आईने तेल गरम करून दिलं.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक घड्याळजी होते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडलेली, आता उजवी बाजू लुळी. बोलणं अडखळत, गिळणं त्याहून अडखळत. त्यांना घट्ट केलेलं सूप चमच्या-चमच्याने भरवायचं असे. एका घोटानंतर थांबायचं, गळा हललेला बघायचा, मगच पुढचा. तो महिन्यातला चौथा रविवार होता. त्या दिवशी वॉर्डात माणसं कमी होती. सिस्टरने वाटी भिंगरीच्या हातात दिली.

दहा मिनिटं त्याने धीर धरला. वाटी जेमतेम पाव रिकामी झाली होती. पलीकडे कोणीतरी पाणी मागत होतं, दारात ट्रॉली आली होती, आणि इथे हा एक घोट काही केल्या खाली उतरेना. भिंगरीचा गुडघा हलायला लागला. गळा न बघताच त्याने पुढचा चमचा दिला. घड्याळजींना ठसका लागला, चेहरा आधी लाल झाला, मग ओठ निळसर पडले. सिस्टर धावत आली, तिने त्याला बाजूला सारलं, त्यांना पुढे वाकवून घसा मोकळा केला. श्वास पुन्हा सुरू झाला. तीन-चार मिनिटांचाच खेळ, पण भिंगरी भिंतीला टेकून घामाने भिजला होता.

सिस्टरने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "तुला पळायला जागा हवीय. इथे माणसं पडलेली आहेत."

तो तसाच घरी आला. पिशवीत भरलेला फॉर्म होता, सह्या झालेला, फोटो चिकटवलेला. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची. त्याने तो ताईपुढे ठेवला आणि म्हणाला, देत नाहीये.

"बरं," ताई म्हणाली. पुस्तकाच्या पाठी शिवून तिची बोटं सुजलेली असत, ती गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. जरा वेळाने तिने का ते विचारलं. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ओठ निळे झाले तेही सांगितलं.

ताईने हात पाण्याबाहेर काढले. "टायपिंगच्या वेळी तू म्हणालास, सर शिकवत नाहीत. फ्रीजच्या वेळी म्हणालास, मशिनं जुनी आहेत. चारही वेळा चूक दुसऱ्याची होती. आज पहिल्यांदा स्वतःचं नाव घेतलंस." एवढं बोलून ती हात पुसायला उठली. भिंगरीने फॉर्म परत पिशवीत सारला.

दुसऱ्या दिवशी तीनला ड्यूटी संपली. त्याला सरळ घरी जायचं होतं, पण पाय पाचव्या मजल्यावर गेले. अर्धा तास तो वॉर्डाबाहेर येरझारा घालत राहिला. माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवली, मोडली. शेवटी आत जाऊन खाटेपाशी उभा राहिला. घड्याळजींनी त्याला ओळखलं. डाव्या हाताने त्यांनी टेबलावरच्या झाकलेल्या वाटीकडे खूण केली आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "भूक लागलीय."

सिस्टरने लांबून पाहिलं. खुर्ची ओढून तीही जवळ येऊन बसली.

एक चमचा. थांब. गळा हलला. पुढचा. भिंगरीच्या अंगात मुंग्या धावत होत्या, मान घड्याळाकडे वळू बघत होती. तो मनात आकडे मोजत राहिला आणि नजर त्या सुरकुतलेल्या गळ्यावरून हलू दिली नाही. वाटी रिकामी व्हायला पंचावन्न मिनिटं लागली. घड्याळजींनी डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, लगेच आडवं करू नकोस, अर्धा तास बसतं ठेवायचं, आणि मग खुर्ची मागे सारत म्हणाली, "ते मी बघते. तू तुझा कागद देऊन ये."

नर्सिंग कॉलेज दोन स्टॉप पुढे होतं. बसची वाट बघणं त्याला जमलं नसतंच. तो पळत गेला. खिडकीवरचा कारकून टेबल आवरत होता. त्याने फॉर्म उजेडात धरला, कोपऱ्यावरचा सुपाचा डाग बघितला, हे काय म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शिक्का मारला.

प्रवेश परीक्षा तो काठावर पास झाला. मुलाखतीसाठी मात्र त्याने लिफ्टमधल्या आजीची गोष्ट घोटून घोटून पाठ केली होती. ताईने ऐकून दोन वाक्यं कापलीसुद्धा. समोर प्राचार्याबाई आणि आणखी दोघे बसले होते. बाईंनी फाइल चाळली आणि गोष्टीला वावच दिला नाही. "चार कोर्स अर्धवट टाकलेत. हा पाचवा का पूर्ण होईल?"

भिंगरीचं पाठांतर उडालं. तो म्हणाला, "होईलच असं कसं सांगू? पण ते चार सोडले तेव्हा मागे कोणी उपाशी राहिलं नव्हतं. इथे सोडलं तर राहील, एवढं कळलंय."

बाईंनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. जिना उतरताना त्याने स्वतःला शंभर शिव्या घातल्या.

यादी लागली तेव्हा जागा तीस होत्या आणि त्याचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं. धड आत नाही, धड बाहेर नाही. एखाद्याने जागा सोडली तर फोन येणार होता, आणि लिफ्टमध्ये तर फोनला रेंज नाही. म्हणून त्याने फोन चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंकडे ठेवला आणि तळमजल्यावर आला की दर वेळी मान लांब करून बघायचा. बाई मानेनेच नाही म्हणायच्या. असे अकरा दिवस गेले. त्याचं वजन उतरलं. आई म्हणाली, हा नर्स व्हायच्या आधी पेशंट होणार.

बाराव्या दिवशी लिफ्टची घंटा तळमजल्यावरून सारखी वाजायला लागली. दार उघडलं तर खिडकी सोडून बाई स्वतः उभ्या. फोन आला होता. एका मुलीला दुसरीकडे प्रवेश मिळाला होता आणि दुपारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं. "मीच सांगून टाकलं," बाई म्हणाल्या, "येतोय म्हणून. येतोयस ना?"

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ताईने कामावरून येताना पांढरे बूट आणले. जाड तळव्याचे, अर्धा नंबर मोठे, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतात असं तिला सिस्टरने सांगितलं होतं. या दोघी परस्पर कधी भेटल्या ते भिंगरीला कळलंच नाही. सकाळी मात्र ती सोडायला आली नाही. म्हणाली, रस्ता तुला माहीत आहे.

पहिल्या वर्षी एका विषयात तो नापास झाला, पुन्हा बसला, सुटला. मधे दोनदा त्याला सगळं टाकून निघून जावंसं वाटलं. एकदा तर तो बॅग भरून स्टॉपपर्यंत जाऊन आला. आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. सातच्या पाळीला सव्वासहालाच येऊन उभा राहतो. वॉर्डातल्या नव्या सिस्टरने त्याला बजावलंय की इतक्या लवकर आत येऊन पेशंटची झोप मोडायची नाही. मग तो व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालतो, आणि सात वाजले की हात धुऊन पहिल्या खाटेपाशी जातो.