डेल्को काढलेली फियाट

केजच्या बाजारात बसप्पाअण्णांचं किराणा दुकान होतं आणि दुकानापुढं त्यांची पांढरी फियाट. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ केदारनाथ बाराखडी गिरवत होता. अण्णा आणि शांतावहिनींना पोटचं पोर नव्हतं. त्यांनी केदारलाच लेक मानलं. पुढं केदारनं धारूर रस्त्याला गॅरेज टाकलं, त्याचा संसार झाला, तरी रात्रीचं जेवण दोघा भावांचं एका पंगतीला असायचं.

साठी उलटली आणि अण्णांचं डोकं दगा देऊ लागलं. गिऱ्हाइकानं साखर मागितली की ते मीठ तोलायचे. मग घराची वाट चुकायला लागले. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, "हे मागं फिरणार नाही. त्यांच्या जिवाला बरं वाटेल ते करत राहा."

बरं वाटायचं ते एकाच जागी, चालत्या फियाटमध्ये. दिवस कलला की अण्णा कावरेबावरे व्हायचे, दार धडधडवायचे. "मला घरी जायचंय," म्हणून स्वतःच्याच घरात रडायचे. गाडीत बसवलं आणि इंजिन घुमायला लागलं, की हात मांडीवर ठेवून शांत.

पण गाडीही म्हातारी झाली होती. तिचा डिस्ट्रिब्युटर, ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, चारी प्लगांना आळीपाळीनं ठिणगी वाटतो. त्याचा दांडा झिजून डुगडुगत होता. आतले ठिणगीचे पॉइंट घासून नीट बसवावे, तर आठवड्यात इंजिन पुन्हा खोकायचं. नव्या गाड्यांचा पूर आल्यापासून दुकानदारांनी जुन्या गाडीचा माल ठेवणंच सोडलं होतं.

एका संध्याकाळी ती आडरानात बंद पडली. केदारनं बॉनेट उघडेस्तोवर अण्णा दार उघडून ज्वारीत शिरले. हाका मारमारून त्याचा घसा बसला. सापडले तेव्हा ते ज्वारीच्या ताटांच्या आड उकिडवे बसले होते. केदारला बघताच त्यांनी हात जोडले.

"मारू नका," म्हणाले.

केदारनं त्यांना उठवलं, धोतराची माती झटकली, आणि मनाशी ठरवलं की आता ही गाडी बंद पडता कामा नये.

बीडला त्याचा दोस्त शहादेव भंगाराचा धंदा करायचा. त्याच्याकडं अपघातात चेंदामेंदा झालेली नवी गाडी आली होती. तिला डेल्कोच नव्हता. इंजिनावर एक काळा ठोकळा, त्याला चार वायरी. ठोकळ्यात दोन कॉइल. एक पहिल्या आणि चौथ्या प्लगाला, दुसरी मधल्या दोघांना ठिणगी द्यायची. झिजायला आत काही फिरतच नव्हतं.

"ह्याला डोकं लागतंय बे, कॉम्प्युटरचं," शहादेव म्हणाला. "ते तर चुरा झालंय. तुझ्या फियाटला कुठून आणशील?"

"बघतो," केदार म्हणाला.

तो ठोकळा त्यानं फियाटच्या इंजिनावर बसवला. डेल्को काढला, त्याचं बूड तेवढं ठेवून तोंडाला झाकण लावलं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवर लोखंडाचा एक दात जोडला. पुलीच्या समोरासमोरच्या बाजूंना मोटारसायकलीचे दोन पिकअप, म्हणजे लोखंड जवळून गेलं की इशारा देणारे तुकडे, लावले, की दात ज्याच्यासमोरून जाईल त्याची कॉइल पेटावी. तो इशारा कॉइलला पोचवायला मोटारसायकलीचेच इलेक्ट्रॉनिक डबे. कागदावर सोपं होतं, इंजिनाला मान्य नव्हतं. कधी ठिणगी लवकर पडायची आणि स्टार्टर उलटा झटका खायचा, कधी उशिरा पडून सायलेन्सरमधून बार उडायचा. एका बाराला गॅरेजातल्या बाकड्यावर बसलेले अण्णा कान झाकून थरथरायला लागले. त्या दिवशी केदारनं काम बंद केलं आणि तो त्यांचं डोकं छातीशी धरून बसून राहिला.

पिकअप केसाकेसानं सरकवत शेवटी जागा सापडली. चढाला गाडी थोडी जड ओढायची, कारण वेगाबरोबर ठिणगी पुढंमागं करणारं काही उरलं नव्हतं. पण चावी फिरवली की पहिल्या हिसड्याला सुरू, आणि आवाज असा एकसारखा, की गाडी घरापुढं आली तशा शांतावहिनी पदर सावरत बाहेर आल्या.

"नवी असताना अशी होती," म्हणाल्या.

केदारनं अण्णांना शेजारी बसवलं. गाव मागं पडलं. खिडकीतून वारा येत होता. अण्णा इंजिनाचा आवाज ऐकत होते.

"मिस्त्री, लई झ्याक केलीत गाडी तुमी."

अण्णा आयुष्यात केदारला कधी 'तुमी' म्हणाले नव्हते.

"माझा भाऊ बी ह्याच लाइनीत हाय," अण्णा सांगू लागले. "केदार. लई हुशार. पण येत न्हाई आता."

"येत असल की अण्णा."

"न्हाई. लई दिवस झाले." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "गॅरेज टाकतो म्हणाला तवा हात उचलला मी त्याच्यावर. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. रागावला असल त्यो. न्हाईतर काहून आला न्हाई?"

ती थप्पड केदार कधीच विसरून गेला होता. त्याच रात्री अण्णांनी स्वतःच्या हातानं त्याला घास भरवला होता; तेवढं मात्र आता अण्णांच्या गाठीला उरलं नव्हतं. त्याला वाटलं गाडी थांबवावी, त्यांचे खांदे धरावेत, ओरडून सांगावं. पण थांबलं की ते घाबरतील. तो चालवत राहिला.

"रागावला न्हाई त्यो," केदार म्हणाला. "मला ठाऊक हाय."

"तुमी वळखता त्याला?"

"हो. चांगला वळखतो."

"मग सांगा त्याला, वहिनी वाट बघती म्हणून. मी बी."

"सांगतो अण्णा."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. पुढं वर्षभर संध्याकाळची फेरी चुकली नाही, गाडी एकदाही वाटेत थांबली नाही, आणि रोज केदार स्वतःसाठीचा निरोप स्वतःच ऐकत राहिला. एकदा त्यानं धीर करून सांगितलं, "अण्णा, मीच केदार." अण्णा हसले, परक्या माणसाच्या थट्टेला हसावं तसे, आणि म्हणाले, "त्यो लहान हाय हो अजून."

मार्गशीर्षात अण्णा गेले. लिंगायत रीतीनं समाधी देऊन माणसं पांगली. घरात शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. केदार जवळ आला तसं त्यांनी विचारलं, "गाडीत तरी कधी वळखलं का रे तुला?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"न्हाई वहिनी," तो म्हणाला. "पण रोज माझी आठवण काढायचे."

वहिनींनी त्याचा हात ओढून मांडीवर घेतला. मग इतका वेळ रोखून धरलेलं त्याचं रडू फुटलं.