पखवाजाची कणीक

बेडसे गावात एकादशीच्या भजनाला पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची ओली कणीक अनिताच्या घरून जाते. सासूच्या वेळेपासूनची रीत. पखवाज भजनी मंडळाचा, वाजवणारा तिचा नवरा कैलास.

मागच्या वर्षी कैलासला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. कारखान्यातली पाळी अर्ध्यात सोडून तो घरी आला आणि बोलेनासा झाला. पुण्याला दवाखान्यात राहिला, गोळ्या सुरू झाल्या. त्या काळात मंडळाने पखवाज वाजवायला केरबाकडे दिला. कणीक मात्र अनिताकडूनच जात राहिली. माणूस चालत नव्हता, त्याच्या घरची कणीक चालत होती. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

कामशेतला दर बुधवारी तळेगावच्या अनघा मॅडम मानसिक आजाराच्या रुग्णांना घेऊन गातात, वाजवतात. अनिता कैलासला तिथं घेऊन गेली. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या हाती खुळखुळा दिला. तो खाली ठेवून कैलास निघून गेला.

"पाळण्यात निजवायचंय का त्यांना, मॅडम?" अनिताने विचारलं.

पुढच्या बुधवारी अनघांनी पखवाज आणला. कैलास आधी वाजवू लागला, मग बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडू नका, पखवाजही सोडू नका.

अनिताने हे मंडळाच्या निवृत्तीआबांना सांगून पखवाज परत मागितला.

"देवाच्या दारात कायतरी झालं म्हंजे?" आबा म्हणाले.

परवाच्या एकादशीला कणीक न्यायला आबा स्वतः आले.

"कणीक हाय, वाजवनारा बी हाय. दोनी न्या," अनिता म्हणाली.

"हट्ट करू नगं. टाळ देतो की त्याला. मागं बसंल."

"मागं तुमी बसा, आबा."

आबांनी शेजारून कणीक घेतली. कैलास आतून ऐकत होता. त्याने टोपी घातली, परातीतला गोळा उचलला आणि देवळात जाऊन पखवाजापाशी बसला. केरबा आला आणि खांबाला टेकला.

"कैलास, मागं बस," आबा म्हणाले.

"पखवाज कदी मागं ठेवत्यात का, आबा?"

त्याने कणीक लावली. आबांनी अभंग सुरू केला नाही. कैलास उठला नाही. टाळकरी एकेक करून चपला शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा होती, येड्याने भजन बंद पाडलं. आबांनी अभंग सुरूच केला नाही, हे कुणी बोललं नाही.

अनिता आबांच्या दारात जाऊन सांगून आली आहे : पुढच्या एकादशीलाही कैलास तिथंच बसणार.