दहावा मोबाईल

गेल्या वर्षी मार्चमध्ये सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने एका मशीन ऑपरेटरला कामावरून काढले. सुपरवायझर एका कंत्राटी कामगाराच्या कानाखाली मारतो आहे, असा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ त्याने काढला, हा आरोप होता. व्हिडिओ त्याच्या मोबाईलचा नव्हता. हे सिद्ध करू शकणारा माझ्या ओळखीत एकच माणूस होता: माझ्या बायकोचे मामा.

कोऱ्या भिंतीवर मामांइतके प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन ते नगरला परतले, पण कामातून सुटले नाहीत. कोणी नवा मोबाईल घेतला की पेढा तोंडात टाकण्याआधी ते हात पुढे करत, मोबाईल घेत आणि पांढऱ्या भिंतीचा अर्धा मिनिट व्हिडिओ काढत. त्यांच्या संगणकात नातेवाइकांच्या नावाने अशा भिंतीच भिंती आहेत. आमच्या लग्नात त्यांनी व्हिडिओवाल्याचा कॅमेरा हिसकावून कार्यालयाची भिंत टिपली. त्यामुळे आमच्या लग्नाच्या चित्रफितीत पहिले मंगलाष्टक चुन्यावर आहे. बायकोने तक्रार केली तेव्हा म्हणाले, "अगं, नवरीच्या चेहऱ्यात कॅमेऱ्याचा दोष लपतो. भिंतीत लपत नाही." प्रत्येक कॅमेऱ्याच्या आतले ठिपके उजेड किंचित कमी-जास्त पकडतात, ती खूण जन्मभर टिकते आणि दोन कॅमेऱ्यांची सारखी नसते, हे त्यांनी मला किमान वीस वेळा समजावले असेल. आम्ही हॉलला फुलाफुलांचा कागद लावला, तेव्हापासून ते आमच्याकडे स्वयंपाकघरात बसू लागले. व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ दाखवला की तोंड फिरवत. "दहा वेळा धुतलेला शर्ट आहे तो. त्यावर डाग कुठला शोधू?"

ऑपरेटरची बातमी मी केली होती. त्या ओळखीने तो माझ्याकडे आला आणि मी त्याला मामांकडे नेले. "सायेब, मोबाईल खिशात हुता, पर म्या न्हाई काढला. मशीनपाशी मीच हुतो, म्हून मला धरलं," तो म्हणाला. मामांनी त्याचा मोबाईल घेऊन भिंतीसमोर धरला. मूळ व्हिडिओ कारखान्याला निनावी ई-मेलने आला होता. चौकशीत त्याची प्रत ऑपरेटरला मिळाली होती. ती न धुतलेली होती, म्हणून मामा खूश झाले.

खूण जुळली नाही. ऑपरेटर पाया पडू लागला. मामांनी त्याला थांबवले. नुसते 'याचा नाही' लिहून भागत नाही, इतर मोबाईलही ताडून दाखवावे लागतात, असे म्हणत त्यांनी संग्रहातले हाताला लागले ते दहा घेतले. नऊ जुळले नाहीत. दहावा जुळला. तो त्यांच्या मुलाचा होता. मुलगा त्याच कारखान्यात इंजिनिअर होता. मामांनी तीनदा ताडून पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

मामी म्हणाल्या, "नऊच मोबाईल घेतले असं लिहा. कोणाचं काय बिघडतंय?"

"नऊ घेतले असते तर नऊ लिहिले असते."

संध्याकाळी मुलगा आला. त्याने नाकारले नाही. "बाबा, मारणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून काढला मी."

"मग पुढे होऊन सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर मी बाहेर गेलो असतो."

"म्हणून तो गेला."

अहवाल दहाही मोबाईलांच्या नोंदींसह कारखान्याकडे गेला. चौकशी अधिकाऱ्याने मामांना विचारले, "निवृत्त आहात ना?" मामा हो म्हणाले. दुसरा प्रश्न विचारला गेला नाही. त्या आठवड्यात कारखान्याने अहवालाच्या आधारे मुलाला काढले. ऑपरेटरला परत घेतले नाही. साक्षीदार दोषी कर्मचाऱ्याचा बाप असल्याने अहवाल विश्वासार्ह नाही, असे त्याला लेखी कळवले. दोन्ही पत्रांवर सही एकाच अधिकाऱ्याची आहे. मी दोन्ही पाहिली आहेत.

ऑपरेटर आता राहात्याला टेम्पो चालवतो. मध्यंतरी तो मामांकडे येऊन गेला. "सायेब, पोराचं नाव कशाला लिव्हलं? तुमचं बी गेलं, माजं बी आलं न्हाई." मामांनी त्याला चहा दिला. निघताना त्याने नवा मोबाईल काढून स्वतःच पुढे केला. मामा म्हणाले, "राहू दे."

कामगार न्यायालयात ऑपरेटरचा दावा चालू आहे. सुपरवायझर त्याच जागेवर आहे. मुलगा पुण्याला नोकरी करतो. दिवाळीत एक दिवस घरी आला होता. त्याने नवा मोबाईल घेतला आहे. त्याची भिंत मामांच्या संगणकात नाही.