शेळीचं दावं

बहात्तरच्या दुष्काळात मी पाथर्डीच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचा लिलाव पुकारायचो. तिथं एक म्हातारा नेहमी आपली एखादी शेळी विकायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला मामाच म्हणायचे. बोली सुरू झाली, की तो पाठ फिरवून न पेटवलेली विडी चघळत राहायचा. सौदा झाला, की शेळीच्या गळ्यातलं दावं सोडून हाताला गुंडाळायचा. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

"दाव्यासंगं घरातली लक्ष्मी जाती, भाऊ," असं तो दर वेळी सांगायचा. मी न विचारता.

शेवटी त्याची पांढऱ्या कानांची एकच शेळी उरली. ती एका खाटकानं घेतली. त्यानं कान धरताच ती पाय रोवून ओरडू लागली. मामा गाठ सोडायला वाकला, थांबला, आणि दाव्याचं टोक त्यानं खाटकाच्या हातात दिलं.

"मामा, दावं राहिलं की!" मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. वळखीचं हाय. तिला वाटंल, मीच हाय म्होरं."

आणि ती खरंच निमूट चालू लागली.