गेडेची काचेची पेटी

आमच्या गावात काठी टेकत चालणारा पुरुष दिसला, तर तो म्हातारा असेलच असं नाही. कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खोल उतरायचं, रंगीत मासे जिवंत धरायचे आणि कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या काचेच्या पेट्यांसाठी विकायचे, हा इथला धंदा. जो घाईने वर येतो त्याच्या रक्तात बुडबुडे धरतात आणि पाय जातात. गेडे मारियासाचे तसेच गेले. होडीवरचा कॉम्प्रेसर बंद पडला, नळीतली हवा संपली आणि तो जिवाच्या आकांताने सरळ वर आला. त्याला तर काठीपुरतेही पाय उरले नाहीत. फळीला चाकं ठोकून घेतली होती, तिच्यावर बसून हातांनी ढकलत तो घरात फिरायचा.

माझी कॉफी-भाताची टपरी त्याच्या घराला लागून आहे. मला सगळे म्बोक म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. मधली भिंत माझ्या खांद्याएवढी. मी कुणाच्या घरात कान लावत नाही, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

समुद्र त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण वाट उताराची, सगळी गोट्यांची. जायचं तर कुणाच्या तरी पाठुंगळी बसून. भाऊ न्यायला आले, तर म्हणाला, मला मेल्यावर उचला. मग ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. धड जेवेना, धड बोलेना. त्याची बायको सुकेर्ती एकदा माझ्याकडे तेल न्यायला आली आणि म्हणाली, "म्बोक, घरात माणूस आहे की सामान ठेवलंय, मला कळेनासं झालंय." मी तिला थोडं जास्तच तेल दिलं. दुसरं काय देणार?

त्यातून त्याला बाहेर काढलं ते नुरादाने. हा गावातले मासे गोळा करून पुढे पाठवणारा व्यापारी. त्याच्याकडे एक छोटी काचेची पेटी पडून होती, कोपऱ्यात तडा गेलेली. ती त्याने चिकटवून आणून दिली, सोबत एक जुना पंप. वर बजावलं की समुद्राचं पाणी भर, वाळू टाक, दगड टाक, पंप लाव आणि मग काही आठवडे नुसता बघत बस. मासा टाकू नको. माशाची घाण खाणारे बारीक जीव त्या दगडांत आधी वाढावे लागतात. ते नसले तर मासा स्वतःच्याच मुताने मरतो. पाणी मुरू दे, म्हणाला.

गेडे कित्येक महिन्यांनी हसला तो तेव्हा. "मी त्याच पाण्यात अर्धं आयुष्य काढलंय. तिथे कधी पाणी मुरायची वाट बघितली नाही कोणी."

हीच आमच्या लोकांची खोड. समुद्र माहीत आहे म्हटल्यावर बादलीभर समुद्र काय, तो तर माहीत असणारच! त्याने पुतण्याला सांगून डबे भरून पाणी आणवलं आणि लगेच दोन निळे मासे सोडले. ते दुसऱ्याच दिवशी वर येऊन तोंडं उघडू लागले आणि मेले. मग पेटीतलं पाणी उन्हाने कमी झालं, तर याने वरून आणखी समुद्राचंच पाणी ओतलं. नुरादाने येऊन जिभेवर थेंब घेतला आणि थुंकला. उडतं ते गोडं पाणी, म्हणाला, मीठ मागेच राहतं. तू लोणचं घातलंयस, गेडे. मी भिंतीवरून ऐकून मोठ्याने हसले. गेडेने माझ्याकडे रागाने बघितलं, आणि मला बरं वाटलं. रागावणारा माणूस सामान नसतो.

त्यानंतर मात्र तो शिकला. रिकामं पाणी बघत महिनाभराच्या वर बसला. विहिरीचं पाणी मापाने घालायचा. जेवायला लागला, कारण पेटीपाशी बसायला अंगात जोर लागतो. आणि पाणी मुरल्यावर त्याने मागून घेतला राखण्या. हा बोटाएवढा पिवळा मासा. वाळूत बीळ खणणारी एक आंधळी कोळंबी असते, तिच्या दाराशी हा दिवसभर उभा राहतो. ती खणत असताना तिची एक मिशी याच्या शेपटीला लागलेली असते. हा दचकला की ती आत. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण गेडे खाली असताना दम खायला थांबला की हीच जोडी बघत बसायचा, असं त्याने सांगितलं. दोघंही पेटीत जगली. राखण्या त्याच्या बोटामागे काचेवरून इकडून तिकडे जायचा. गेडे मला हाका मारून दाखवायचा, "म्बोक, बघ, ओळखतो मला." मासा ओळखतो की नाही देव जाणे. गेडे मात्र त्या माशाच्या जोरावर उभा होता, पाय नसताना.

सुकेर्तीचा जीव मात्र पेटीत नव्हता, त्याच्या पायांत होता. रोज सकाळी ती वाटलेल्या मसाल्याचा लेप त्याच्या पायांना लावायची आणि बोटं हलतात का बघायची. ती डोंगरापलीकडच्या एका बालियानकडे, म्हणजे आमच्याकडचा वैदू, त्याच्याकडे जाऊन आली. त्याने सांगितलं की या वर्षीचा न्येपी, म्हणजे आमचा वर्षातला मौनाचा दिवस, पुरता निर्मळ पाळ. घरात विस्तव नाही, वीज नाही, काम नाही, करमणूक नाही. पाय येतील.

न्येपीला आमचं सगळं बेटच गप्प असतं. रस्त्यावर कुत्र्याशिवाय फक्त चौकडीचं कापड गुंडाळलेले गावचे गस्तवाले. तरी आजाऱ्यासाठी, तान्ह्या बाळासाठी सूट असते, आणि पाण्याखालच्या पंपाला कोण बघायला येतंय! गेडेने तिला सांगून ठेवलं होतं की पंपाचा तांबडा दिवा फडक्याने झाक, पण तो चालू ठेव. ती हो म्हणाली होती.

त्या दिवशी उजाडताना मला जाग आली ती आवाज बंद झाल्याने. पंपाची घरघर इतकी सवयीची झाली होती. मग भिंतीपलीकडून हळू आवाजातलं बोलणं आलं. गेडे बायकोला लुह म्हणतो, ती त्याला ब्ली.

"लुह, पंप बंद झालाय."

"मीच बंद केलाय, ब्ली. मुख्य बटणच खाली केलंय."

"मासा मरेल."

"एका दिवसात कोण मरतं? आजचा दिवस नीट गेला तर तुझे पाय येतील."

"माझे पाय येणार नाहीत, लुह."

"आजच्या दिवशी तरी असं बोलू नको."

बटण बाहेरच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोक्याएवढं उंच. फळीवरच्या माणसाने काय करावं! थोड्या वेळाने पाण्याचा आवाज सुरू झाला. गेडे कपाने पेटीतलं पाणी उपसून उंचावरून परत पेटीत ओतत होता, म्हणजे तेवढीच हवा मिसळेल. सुकेर्ती म्हणाली, हे कामच झालं. तो म्हणाला, मी खेळतोय. ती म्हणाली, खेळही आज चालत नाही. तो ओततच राहिला. मी उपाशीपोटी चटईवर पडून तो आवाज ऐकत होते. वर पत्रा तापलेला, वाऱ्याचा पत्ता नाही. मला भिंत ओलांडून जाऊन ते बटण वर करावंसं वाटत होतं. नाही केलं. मीही याच गावची.

दुपारनंतर कपाचा आवाज सावकाश होत गेला. दिवेलागणीच्या वेळी, म्हणजे दिवा लावायचा नसलेल्या त्या वेळी, तो थांबला. मला वाटलं, हात भरून आले असतील. बाहेर काळोख झाला. मग सुकेर्तीचा आवाज आला, "दे इकडे तो कप." आणि पाणी पुन्हा वाजू लागलं, या वेळी भरभर, बायकी हाताने. अंधारात किती वेळ ओतत होती कोण जाणे. मला झोप लागली तेव्हाही ओतत होती.

सकाळी बटण वर गेलं, पंप घरघरला, आणि सुकेर्तीने हंबरडा फोडला. मी धावले. राखण्या बिळाच्या तोंडाशी आडवा पडला होता. ती म्हणत राहिली की पहाटे माझा डोळा लागला, म्हणून मेला. गेडेने तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

पुढे बऱ्याच दिवसांनी, ती बाजारात गेली असताना, मी त्याला कॉफी द्यायला गेले. पेटी रिकामी करून उलटी घातली होती. मी म्हटलं, तिचा डोळा लागला त्याला ती तरी काय करणार.

"तो उजेड होता तेव्हाच गेला होता," गेडे म्हणाला. "मी बघितलं. म्हणून तर कप खाली ठेवला."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"ती उठली होती, म्बोक. माझ्या पायांची सगळी आशा सोडून माझ्या माशासाठी उठली होती. तिला काय सांगू, बस खाली, मेला तो?"

पाय आले नाहीत, येणारच नव्हते. सुकेर्ती विचारणाऱ्याला सांगते की मी न्येपी मोडला म्हणून त्याचे पाय आले नाहीत, एवढा एक दिवस मला हात बांधून बसवलं नाही. तिला खरं सांगावं, तर मेलेल्या माशापायी तिने दिवस मोडला असं होईल. म्हणून गेडेही बोलत नाही आणि मीही नाही. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतो. ती रोज सकाळी लेप लावते, लावताना त्याच्या पायांची माफी मागते, आणि तो मागू देतो.