मिस्त्री आणि बेशिस्त कबुतरीण

मिस्त्रीला कामाचा कंटाळा नेमका कधी आला, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. हातात कसब होतं. पण कपाटाचा एखादा खण जरासा घासला, की तो उचकटून पुन्हा करायचा. पुन्हा तेच झालं की पटाशी कोपऱ्यात भिरकावायची. हळूहळू दुकान उघडणंच जिवावर यायला लागलं. समोर अर्धवट कपाट, आणि हा आपला स्टुलावर, तळहातावर हनुवटी टेकून.

"अहो, मुंग्या बघा, मधमाश्या बघा," बायको म्हणाली. "कुणी असं तोंड पाडून बसतं का? शिका जरा त्यांच्याकडून."

"मुंग्यांना गिऱ्हाईक नसतं," तो पुटपुटला. पण बोलणं डोक्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या माळ्यावर, रचलेल्या फळ्यांवर, एक कबुतरीण घरटं बांधताना दिसली. मिस्त्री बघत बसला. तिने काडी आणली, ठेवली, वळली. शेपटीच्या धक्क्याने काडी खाली. पुन्हा आणली, पुन्हा खाली. मग कुठूनशी वाकडी तार आणली आणि तीच आडवी टाकली.

"अगं, आधी तळ तरी बसव!" मिस्त्री खालून ओरडला.

दुपारी सगळा पसाराच घसरून त्याच्या रंध्यावर पडला. कबुतरिणीने मान वाकडी करून खाली पाहिलं आणि भुर्रकन नवी काडी आणायला गेली. ना चिडचिड, ना रुसवा. मिस्त्री चक्रावला. हिच्याकडून शिकायचं म्हणजे नक्की काय? चिकाटी म्हणावी, तर कामात नावालाही सफाई नाही. आणि वेडेपणा म्हणावा, तर तिचं कुठे काय अडत होतं?

शेवटी न राहवून त्याने तिच्यासाठी एक पेटी केली. कडा गोल केल्या, आतून गुळगुळीत घासली. एका बैठकीत पेटी झाली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. ती त्याने माळ्यावर पक्की ठोकली.

कबुतरीण पेटीच्या काठावर बसली, आत डोकावली, पेटी घाण केली आणि शेजारच्या उघड्या फळीवर चार काड्यांत अंडं घातलं.

मिस्त्रीला ते भलतंच लागलं. पुढे यथावकाश पिल्लू निघालं, चांगलं गुबगुबीत झालं.

"मग नीट काम करायचं तरी कशाला?" त्याने जेवताना विचारलं.

"मला काय विचारता? मी मधमाश्या म्हटलं होतं, कबुतर तुम्ही धरलंत," बायको हसत म्हणाली.

त्या आठवड्यात कपाट पूर्ण झालं. एक खण किंचित अडत होता. मिस्त्रीचा हात पटाशीकडे गेला, थांबला. त्याने रंधा हलकेच फिरवला आणि जरासा अडत असूनही खण बसवून टाकला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

मिस्त्री मात्र घरी जाताना विचार करत राहिला. आपण शहाणे झालो, की नुसतेच निष्काळजी? कबुतरिणीने काही शिकवलं, की आपणच पदरचं काहीतरी चिकटवलं? पण नव्या टेबलासाठी लाकूड कुठलं घ्यावं, हेही त्याच वेळी त्याच्या मनात चालू होतं. आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच, कामाच्या विचाराने त्याला वैताग आला नव्हता.